देव्हाऱ्यातला कॅराकॅला

धुळ्याच्या देवपुरात राहणारे गिरधरनाना वीज मंडळातून वायरमन म्हणून निवृत्त झाले आणि रोमच्या नालायक बादशहांच्या नादी लागले. आईचा जीव घेणारा नीरो, आखाड्यात उतरून स्वतःचेच विजय साजरे करणारा कमोडस, कापल्या नाकाने गादीवर परत येऊन सूड उगवणारा कॉन्स्टँटिनोपलचा दुसरा जस्टिनियन, अशांचीच नाणी ते जमवत. चांगल्या राजांची का नाही, असं कोणी विचारलं की नाना त्याच्या हातात एक नाणं ठेवत. ज्याला अख्खा गाव शिव्या देतो त्याचाच छाप असलेल्या पैशाने लोक भाकरी कशी विकत घेत असतील, हे त्यांना कळत नसे आणि सोडवतही नसे.

घोळ झाला तो नानांचे वडील, आबा, गेल्यावर. गेलेल्या वडीलधाऱ्याचा चेहरा चांदीच्या पत्र्यावर उठवून घ्यायचा आणि तो टाक देव्हाऱ्यात बसवायचा, ही त्यांच्या घरची रीत. टाक करून आणायचं काम नानांकडे होतं, पण सोनार आज-उद्या करत राहिला. त्याच सुमारास पुण्याच्या व्यापाऱ्याकडून कॅराकॅला या रोमन बादशहाचं चांदीचं नाणं कुरिअरने आलं. नाना बाजारात गेले होते. त्यांच्या आईने, इंदिराबाईंनी, पाकीट उघडलं. आत गोल चांदी, तिच्यावर दाढीवाला, कपाळाला आठ्या घातलेला माणूस. कडेची अक्षरं तिला सोनाराची नक्षी वाटली. आबांच्या एकुलत्या एक फोटोत ऊन डोळ्यांवर आल्याने अशाच आठ्या होत्या.

नाना भाजीची पिशवी घेऊन परतले, तेव्हा कॅराकॅला हळदकुंकू लावून खंडेरायाशेजारी बसला होता.

“आबाच शे,” आई म्हणाली. “कपायवरनी आठी दख.”

तिच्या तोंडावर बऱ्याच दिवसांनी समाधान होतं. नाना पिशवी ठेवायला आत गेले. उद्या सांगू, असं ते ठरवत आणि उद्या पुढे ढकलत. बायको लताबाई तर म्हणायची, तुमचा बादशहा, तुम्हीच निस्तरा. पुढे सोनाराने खरा टाक दिला, तेव्हा तो कुठे ठेवावा हेच कळेना. शेवटी नानांनी आबांना नाण्यांच्या अल्बममध्ये, कमोडसच्या पुढच्या रिकाम्या कप्प्यात सरकवलं.

अशी तीन वर्षं निघाली. आता धाकट्या भावाने, प्रेमराजने, भडगावला घर बांधलं. दोंडाईच्याच्या जमिनीवरून दोघा भावांचं बोलणं तुटलं होतं, ते याच उन्हाळ्यात पुन्हा सुरू झालं. आईने सांगून टाकलं की वास्तुशांतीला ती जाईल आणि आबांना तिकडेच ठेवून येईल. इतकी वर्षं ते थोरल्याकडे राहिले, आता धाकट्याकडे राहतील.

कॅराकॅलाने आपल्या धाकट्या भावाला आईच्या कुशीत ठार करवलं होतं. नानांचा शकुन-अपशकुनावर विश्वास नव्हता, वायरीत करंट आहे की नाही हे ते टेस्टर लावून ठरवणारे. तरी हा माणूस आपल्या घरातून प्रेमराजच्या घरी जावा, हे त्यांना सोसवेना. निघायच्या दिवशी सकाळीच त्यांनी अल्बममधून टाक काढला आणि आई पिशवी भरत होती तेव्हा तो तिच्या हातात ठेवला. तिने त्यावरून अंगठा फिरवला.

“हाऊ कोण शे?”

“आबा.”

“मंग तो कोण?”

नानांनी सगळं सांगितलं. कोण बादशहा, कोणाला मारलं, कुठे मारलं. इतिहास सांगताना त्यांना नेहमी हुरूप येई, आज ते भराभर उरकत गेले. मी विकत आणलेला माणूस, असं म्हणताना तर त्यांनी मान खाली घातली. आई रागावेल असं त्यांना वाटलं होतं. तिने इतकंच विचारलं, “त्यानी मायनं काय करं?”

“तिला रडायचीपण बंदी होती म्हणतात. हसरं तोंड ठेवावं लागलं.”

आईने सोनाराचा टाक रुमालात बांधून पिशवीत घातला. नानांना हायसं वाटलं आणि ते नाणं उचलायला पुढे वाकले, तशी तिने त्यांचा हात धरला.

“ऱ्हाऊ दे. इतला दिन मी त्याले न्हाऊमाखू घालं. आते तू घाल.”

“आई, तो भावाला मारणारा आहे.”

“म्हनीसनच तुनाकडे ऱ्हाऊ दे. प्रेमराजकडे नको.”

हा विश्वास होता की शिक्षा, नानांना उमगलं नाही. विचारणार, तोवर प्रेमराजची गाडी दारात आली. धाकट्याने वाकून नमस्कार केला, नाना तुम्हीही चला म्हणाला. मी मागून येतो, असं नाना म्हणाले.

गाडी गेल्यावर ते देव्हाऱ्यापुढे बसले. नाण्याला पाणी लावायचं नसतं, घासायचं तर मुळीच नाही, हे ते इतर संग्राहकांना बजावून सांगत. आईने रोज चिंचेने घासल्याने बादशहाचं नाक केव्हाच झिजलं होतं, कपाळावरच्या आठ्या तेवढ्या शिल्लक होत्या. लताबाईने आतून विचारलं की पूजा झाली का, चहा टाकते. नानांनी पळी भरली, पुन्हा तांब्यात रिकामी केली, पुन्हा भरली आणि कॅराकॅलाच्या डोक्यावर ओतली.