निळ्या वेलाचं पांढरं फूल

लातूरला बीएस्सी करताना सरांनी फळ्यावर लिहिलेला ‘अप्रभावी’ हा शब्द मला तेव्हाच खटकला होता. निळ्या आणि पांढऱ्या गोकर्णीचा संकर केला की पहिल्या पिढीत सगळी फुलं निळीच येतात. पांढरा गुण मरत नाही, नुसता दबून राहतो. त्याला अप्रभावी म्हणायचं?

लग्न होऊन लोह्याला आले. नोकरीचं नाव काढलं की सासरचं उत्तर ठरलेलं, “बघू की पुढच्या साली.” चुलीपासून फाटकापर्यंत माझं जग. फाटकावर निळी गोकर्णी होती. तिचंच बी सासूबाईंनी भिंतीकडेला लावलं आणि एका वेलाला पांढरं फूल आलं.

त्यांनी हाक मारली. मी पिठाच्या हातानंच गेले.

“शेजारणीनं बी बदललं. आपल्यात पांढरं न्हाई.”

“हाय, आत्याबाई. निळ्यातच दबून होतं.”

“मग इतके दिवस दिसलं का न्हाई?”

“दिसू दिलं न्हाई म्हणून.”

मग त्यांनी ते फूल खुडलं, महादेवाला म्हणून ओच्यात ठेवलं.

“जा,” म्हणाल्या, “भाकरी करपून राहिली.”