काकूंचं गाव

आज लिफ्टमध्ये निलगिरीच्या तेलाचा वास होता. कुणाला सर्दी झाली असेल, एवढंच. पण दार मिटलं आणि कोपऱ्यात उशी छातीशी धरून उभ्या असलेल्या काकू इतक्या वर्षांनी माझ्या डोळ्यांपुढे आल्या.

शारजातल्या या इमारतीत त्या आमच्या शेजारी राहायच्या. काका औद्योगिक भागात सुपरवायझर होते. ते अचानक गेले आणि त्यांच्यामागून कंपनीचं घरही गेलं. मूलबाळ नव्हतं. व्हिसाची मुदत संपेपर्यंत काकूंना मराठी घरांनी आळीपाळीने सांभाळायचं ठरलं. आठवडा सरला की एक बॅग आणि निलगिरीच्या वासाची ती उशी घेऊन त्या लिफ्टने पुढच्या घरी जायच्या. सगळे प्रेमानेच वागत. तरी एकदा दार उघडताच आतून एका छोट्या मुलीचा आवाज आला, "मम्मा, इज शी अवर्स धिस वीक?" काकू हसल्या. ते हसू मला अजून बोचतं.

तेव्हा मी कॉलेजसाठी जुन्या अमेरिकेतल्या खेड्यांविषयी वाचत होते. गरिबाला पोसणं तिथे गावाचं काम. गावसभा भरे, आणि निराधार म्हातारीला जो गावाकडून सगळ्यात कमी पैसे घेऊन ठेवून घेईन म्हणेल, त्याच्याकडे तिची रवानगी होई. बाहेरून आलेल्या गरिबाला विचारत, तुझं गाव कोणतं? आणि तिकडे परत धाडत. आजोबांच्या मोर्च्यांची पत्रकं वाचत वाढलेली मी. संतापून काकूंना सगळं वाचून दाखवलं. "माणसांचा लिलाव, काकू! तोही उलटा!"

काकू उशीला अभ्रा घालत होत्या. "भाषण झालं असेल तर चहा घे, गार होतोय." मग म्हणाल्या, "पण आपल्या गावच्या माणसाला नाही म्हणायची त्या गावाला मुभा नव्हती ना?"

"नाही. कायदाच होता तसा."

"मग बरंच होतं की गं."

मी पुस्तक मिटलं. काकूंना इथेच राहायचं होतं. त्यासाठी कुणीतरी व्हिसाची जबाबदारी घ्यायला हवी होती. जेवायला वाढणारं प्रत्येक घर तेवढ्या एका गोष्टीला "बघू, इन्शाल्ला" म्हणत राहिलं. आमचंही. साताऱ्याच्या पुतण्याने फोनवर सांगितलं, "काकू, सगळं आयुष्य तिकडे गेलं तुमचं. इथे आता कोण ओळखतं तुम्हाला?" शेवटी त्यानेच एक वृद्धाश्रम शोधला.

विमानतळावर सोडायला गेलो तेव्हा रांगेतल्या एका मराठी बाईंनी हातातली उशी पाहून काकूंना मायेने विचारलं, आपण सगळे विचारतो तसं, "कुठलं गाव तुमचं?"

काकूंनी उशीचा अभ्रा सरळ केला. मग म्हणाल्या, "शारजा."

लिफ्ट थांबली. दार उघडलं तसा वास विरून गेला. इमारतीत नवं मराठी कुटुंब आलं की अजूनही पहिला प्रश्न तोच असतो. माझ्या ओठांवरही येतो तो. पण मी आता विचारत नाही.