मामांची सासरवाडी

कालव्याचं पाणी दारात आलेलं असताना त्याला नको म्हणणारा माणूस उभ्या बारामती तालुक्यात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. पणदऱ्यात त्यांच्या घराच्या तिन्ही अंगांना ऊस. मागे मात्र दोन गुंठ्यांचा मुरमाड तुकडा, आणि त्यात रानमटकी. माळावर आपोआप उगवणारी, शेळ्यांनी खायची ही वेल मामा मुद्दाम पेरत आणि पेरल्यावर तिला थेंबभर पाणी देत नसत. बी मामींनी लग्न होऊन येताना इंदापूरकडच्या कोरड्या माळावरून, पदराच्या गाठीत बांधून आणलेलं. म्हणून त्या तुकड्याला मामा 'सासरवाडी' म्हणत आणि तिथं धुतलेली टोपी घातल्याशिवाय पाऊल टाकत नसत. एरवी हा माणूस बंडीवर बँकेत जाऊन येई. रानमटकीची वाळलेली शेंग उन्हात तडकते आणि दाणे उडून जातात, त्यामुळे दव आहे तोवर, टोपी सावरत, ते एकेक शेंग खुडत बसायचे. शेजारी बांधावरून चिडवायचा, "तात्या, एवढ्या वेळात बाजारातनं पोतं आणलं असतं."

"बाजारातलं तुझ्या वहिनीनं न्हाय आणलेलं," मामा म्हणायचे.

मामी गेल्यापासून दर वर्षी त्यांच्या तिथीला याच मटकीची उसळ पानात वाढली जाई. उरलेलं बी मामींच्या पावडरच्या रिकाम्या डब्यात, राखेत. दोन वर्षांपूर्वी त्या डब्यात भुंगा शिरला. मामांनी निवडून निघालेलं सगळं बी एकदम पेरून टाकलं, आणि पाठोपाठ त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. पुण्याला मुलीकडे निघताना मला म्हणाले, "जावईबापू, निस्तं बघा. हात लावू नका."

मला नुसतं बघता येतं, हा त्यांचा गैरसमज. दुपारी वेली मान टाकायच्या. आमच्या भागात कोमेजलेलं पान दिसलं की हात आपोआप मोटारीच्या बटणाकडे जातो. माझा तीनदा गेला. पंधरा दिवसांत वेल गुडघ्याला लागली. मी अभिमानानं फोटो पाठवले. मामांना फोनकडे बघायची मनाई, त्यामुळे मुलगी त्यांना वर्णन करून सांगायची. त्यांनी तिच्याकडून विचारलं, "शेंगा किती?" उत्तरादाखल मी पानांचा आणखी एक फोटो पाठवला.

परत आल्यावर काळा चष्मा आणि धुतलेली टोपी घालून मामा वाफ्यात बसले. पानांखाली बोटं घालून बराच वेळ चाचपत राहिले. शेंग नव्हती.

"माजलं," ते हळूच म्हणाले.

"मामा, माझं चुकलं."

"तुमचं न्हाय. पाणी दिसलं की सोडायचं, ही आपल्या भागाची खोड. हिला तहान लागल्याबिगर दाणा धरायचं सुचत न्हाय." मग गुडघ्यावर हात ठेवून उठले. "चला, च्या घ्या."

त्या वर्षी मामींच्या पानात उसळ नव्हती.

पुढच्या पावसाळ्यात पेरायला काही नव्हतं, तरी टोपी घालून मामा रोज तिथं जाऊन येत. एके दिवशी त्यांचा फोन आला, "जावईबापू, या. सासरवाडीची माणसं आल्यात." जाऊन बघतो तर पाच-सहा रोपं. रानटी जातीच्या दाण्याचं कवच दगडासारखं. सगळे दाणे एका वर्षी उगवत नाहीत. "काही रुसून मातीतच बसत्यात," मामा म्हणाले, "तिच्यावानी." मी मोटारीच्या बटणापासून चार हात लांब उभा होतो.

तिथीला पानात चमचाभर उसळ पडली. राहिलेल्या बियांतली निम्मी मामांनी मामींच्या लुगड्याच्या चिंधीत बांधली आणि माझ्या हातात दिली.

"समदं एकाच घरात ठेवलं, ती माझी चूक. तुमच्या गच्चीवर लावा."

"मामा, माझ्याकडे?"

"तुमच्याकडंच. ज्यानं एकदा बुडवलं, तो जपून वागतो."

आता बारामतीत आमच्या गच्चीवर दोन कुंड्या आहेत. दुपारी वेल मान टाकते. मी तांब्या घेऊन उभा राहतो, उभा राहतो, आणि शेवटी तांब्या तुळशीत रिकामा करतो. ऊन कललं की पानं पुन्हा वर येतात. मामांना हल्ली प्रवास झेपत नाही. फोनवर विचारतात, "माणसं बरी हायती न्हवं?" मी हो म्हणतो. बायको म्हणते, अलीकडे गच्चीवर जाताना मी शर्ट बदलतो.