काकाने सांगितलेला सिनेमा

सिनेमे मी पुष्कळ पाहिले. नातवंडं विचारतात, आजी, सगळ्यात चांगला कुठला? मी म्हणते, माझ्या धाकट्या काकाने सवच्या गरम पाण्याच्या कुंडांवर जेवताना सांगितला तो. आणि सगळ्यात भिकार? तोच, नंतर महाडच्या तंबूत प्रत्यक्ष पाहिलेला. त्यांना वाटतं म्हातारी चळली. वाटू दे.

महाडच्या बाजारपेठेत आमचं कापडाचं दुकान होतं. धाकटा काका माल आणायला मुंबईला जायचा आणि मालाच्या आधी सिनेमा बघायचा. सिनेमाचे तंबूवाले वर्षातून एकदाच यायचे, त्यामुळे घरातल्या बायकांना सिनेमा म्हणजे एरवी काका सांगेल तो. पण मेला फुकट सांगायचा नाही. मधल्या काकूने वडे तळले, कोंबडीचा रस्सा केला, की मग याची जीभ सुटायची. नायिका विहिरीच्या काठाशी आली की हा गप्प. "वहिनी, रस्सा संपला वाटतं." की काकू उठलीच. सांगायचा मात्र असा, की आम्ही तोंडात घास धरून बसायचो.

मधली काकू म्हणजे मधल्या काकाची बायको. पोलादपूरकडच्या खेड्यातली, मूलबाळ नाही. मधला काका मुंबईला गिरणीत होता आणि कित्येक शिमगे घराकडे फिरकला नव्हता. तिकडे त्याने दुसरं बिऱ्हाड थाटलं होतं, पोरंही झाली होती. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, मला शेंबडीलासुद्धा. फक्त काकूला कोणी सांगितलं नव्हतं. दया म्हणून नव्हे हो. कळलं असतं तर ती माहेरी निघून गेली असती, आणि मग एवढ्या माणसांचं रांधायचं कोणी? माझी आई तर चुलीपुढे दोन घटका बसली की तिचं डोकं उठायचं. आणि धाकटा काका मुंबईत उतरायचा तोच मुळी त्या बिऱ्हाडी. त्या बाईच्या हातचं जेवून यायचा आणि काकूला म्हणायचा, "वहिनी, तुमच्या हातची चव मुंबईत नाही." काकू लाजायची. बाकीचे पानात बघायचे.

तर एका थंडीत आम्ही सगळे सवला गेलो, गरम पाण्यात डुंबायला. काकाने फडक्यात अंडी बांधून कुंडात सोडली, म्हणे उकडतील. कच्चीच निघाली आणि माझ्या भावाच्या सदऱ्यावर फुटली. काकू पाण्यात उतरलीच नाही. ती तीन दगडांच्या चुलीपाशी, खाडीतल्या जिताडा माशाचं कालवण ढवळत. तसं कालवण मी पुन्हा खाल्लं नाही, हे मात्र खरं सांगते.

जेवताना काकाने नव्या सिनेमाची गोष्ट काढली. एक माणूस बायकोला गावी ठेवून शहरात जातो आणि तिकडेच रमतो. बायको वाट बघते. काकू वाढायची थांबली. काकाने एकदा तिच्याकडे बघितलं, जिताड्याचं डोकं आपल्या पानात ओढून घेतलं आणि शेवट सांगितला. एक दिवस तो माणूस बैलगाडीतून उतरतो, अंगणात बायकोपुढे पेटी ठेवतो आणि म्हणतो, मी चुकलो. काकूने पदराने डोळे पुसले आणि त्याला आणखी एक तुकडी वाढली. पुढे किती वेळा तिने त्याला तीच गोष्ट सांगायला लावली. दर वेळी काहीतरी तळून.

उन्हाळ्यात तोच सिनेमा महाडला तंबूत लागला. काकूने जन्मात कधी काही मागितलं नव्हतं. ती आईला म्हणाली, "जाऊबाई, मला पण न्या की." आईचा चेहरा उतरला, पण नको म्हणायला कारण सापडेना. काकाला मात्र आतून उकळ्या फुटत होत्या. "येऊ दे की त्यांना. गंमत येईल," म्हणाला.

संध्याकाळचा खेळ. बायका एका अंगाला, पुरुष दुसऱ्या. काकूने शेजारणींना गोष्ट आधीच सांगून टाकली होती. "आता बघा हां, गाडी येईल." गाडी काही आली नाही. पडद्यावरची बायको आपणच शहरात गेली, नवऱ्याच्या दारात दुसरीला आणि तिच्या कडेवरच्या पोराला बघितलं आणि मागे फिरली. संपला. लोक चपला शोधायला लागले. काकू तशीच बसलेली. "अजून हाय ना गो?" मला म्हणाली. "त्याचं येनं ऱ्हायलंय." पलीकडे काका दोस्ताच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

घरी पानं मांडली. आमटी वाढता वाढता काकू म्हणाली, "भावोजी, तुम्ही सांगितलेला शेवट यात नव्हता."

"तो तुमच्यासाठी घातला होता, वहिनी. नाहीतर मला जिताड्याचं डोकं मिळालं असतं?"

सगळे हसले. माझे वडीलही. काकू पळी धरून उभी राहिली. एकेकाच्या तोंडाकडे बघत गेली, आणि मग तिने विचारलं, "म्हंजे ह्यांचं पण तसंच हाय?"

हसू थांबलं. आई म्हणाली, "भात वाढ. निवतोय."

तिने वाढला. सगळ्यांना.

सकाळी ती पोलादपूरच्या एसटीत बसून माहेरी गेली. आईने शिव्या देत भाकऱ्या थापल्या, त्या करपल्या. पण फार दिवस नाही. काकूचा भाऊ तिची ट्रंक डोक्यावर घेऊन स्वतः पोचवायला आला. ओटीवर बसून चहा प्याला आणि वडिलांना म्हणाला, "नवरा जित्ता हाय तिचा. आमच्याकडं काय म्हनून ऱ्हायाची? समजावलंय तिला." समजावल्याचे वळ तिच्या दंडावर दिसत होते. आईने तिच्या हातात परात दिली.

नंतर काका मुंबईहून आणखी एक सिनेमा बघून आला. लाज कशाशी खातात हे त्याला ठाऊकच नव्हतं. जेवायला बसल्या बसल्या सुरू झाला. काकू पाठ करून भाकऱ्या भाजत होती. अर्ध्यावर सवयीने थांबून तो म्हणाला, "वहिनी, शेवट ऐकायचाय ना?"

"सगळा नको. बाई मरते का, तेवढं सांगा."

"मरते."

"सुटली," काकू म्हणाली, आणि त्याच्या पानात गरम भाकरी टाकली.