मिनिटाला चौदा

या सदरातले अनुभव मी चार-पाच वर्षं वाचतोय, पण खरं सांगायचं तर चुका काढायला. कुणी लिहितं की दोन मिनिटांत अमुक ठिकाणी पोचलो, की मी अंतर काढतो, वेग काढतो आणि म्हणतो – बसत नाही. बारामती एमआयडीसीतल्या एका दूध प्रकल्पाच्या प्रयोगशाळेत मी सव्वीस वर्षं आहे. फॅट, एसएनएफ, तापमान. जे मोजता येत नाही ते माझ्या वहीत जात नाही. अंगात येणं, नजर लागणं, स्वप्नात येऊन कुणी सांगणं... यातलं मी कधी काही मानलं नाही, आजही मानत नाही. तरी लिहितोय, कारण यातले आकडे मी स्वतः तपासलेत आणि ते मला कुठेच बसवता येत नाहीत. नावं बदलली आहेत.

आमचं गाव कळस, तालुका इंदापूर. थोरला भाऊ भानुदास – माझा दादा – तिथे शेती बघायचा. वय अठ्ठावन्न. ऐंशीच्या पुढची आई त्याच्याजवळ असायची. मी आणि माझी बायको सुनंदा बारामतीत. गेल्या वर्षी उसाची तोड चालू असताना दादाचं पोट दुखायला लागलं. पित्ताशयात खडे निघाले. बारामतीतल्या एका खासगी दवाखान्यात ऑपरेशन ठरलं, मंगळवारी सकाळी. बिडी पंधरा दिवस आधी बंद करा म्हणून सांगितलं होतं, त्याने तीन दिवस आधी बंद केली.

आईला सांगायचं नाही हे आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं. ती धसका घेईल म्हणून. दादा सणसरला लेकीकडे गेलाय, आठ दिवसांनी येईल, एवढंच तिला सांगितलं. वहिनी दवाखान्यात दादाजवळ, म्हणून सुनंदा कळसला आईजवळ जाऊन राहिली.

मंगळवारी दहा वाजता दादाला आत नेलं. दुर्बिणीतून होणार होतं, पण पित्ताशय चिकटलेलं निघालं, म्हणून पोट उघडावं लागलं. मी बाहेर बाकावर. अकरा वाजून बारा मिनिटांनी सुनंदाचा फोन आला. (कॉल लॉगचे फोटो काढून ठेवलेत, वेळा त्यावरूनच देतोय.)

"अहो, आत्या कसंतरीच करत्यात." सासूला ती आत्या म्हणते. "झोपल्यात, पण श्वास मशीनगत चाललाय."

"मशीनगत म्हणजे?"

"एकसारखा. कुणीतरी हवा भरल्यागत छाती वर येती, जरा थांबती, खाली बसती. परत तेवढीच वर. हाका मारल्या तरी डोळं उघडत न्हाईत."

"ताप?"

"न्हाय."

मी म्हणालो, घड्याळाकडे बघून पूर्ण एक मिनिट मोज, पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नकोस. तिने मोजलं. चौदा. परत मोज म्हणालो. चौदा. तिसऱ्यांदाही चौदाच.

म्हातारं माणूस, गाढ झोप लागली असेल, असं म्हणून मी फोन ठेवला. एक अडतीसला तिचा परत फोन – आत्या उठल्या, खूप खोकल्या, घसा सोलवटल्यागत दुखतोय म्हणाल्या, पाणी मागितलं. तेवढ्यात सिस्टर येऊन सांगून गेली की दादाच्या घशातली नळी काढली, शुद्धीवर येतोय.

तेव्हा माझ्या डोक्यात काहीच जुळलं नाही. भूलतज्ज्ञांच्या कागदाची झेरॉक्स मला महिन्याभराने मिळाली. मशीनवर श्वास सुरू, दहा पंचवीस. बंद, एक पस्तीस. मिनिटाला श्वास : चौदा.

बुधवारी सकाळी फिजिओथेरपीवाली मुलगी आली. चोवीस-पंचवीसची असेल. म्हणाली, "काका, भूल दिल्यावर श्वास मशीन देतं. तेवढ्या वेळात फुप्फुसाचा खालचा भाग थोडा मिटून बसतो. तो आता यांनी उघडायचा. दर तासाला उठवून बसवा. पोटावर उशी दाबून धरायची, म्हणजे टाक्यांना आधार मिळतो, आणि मोकळं खोकायचं. आणि हे ओढायचं."

हे म्हणजे तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र. दादाने ते उलटंसुलटं करून बघितलं.

"फुकायचं का वढायचं?"

"ओढायचं. बिडी ओढता तसं."

"मग पेटवून तरी द्या की."

ती हसली. वहिनी हसली नाही. दादाने ओढलं, एक गोळी वर गेली, दुसरी जरा हलली, आणि दुखण्याने त्याचा चेहरा पांढरा पडला.

ती गेली आणि गावाकडची माणसं भेटायला यायला लागली. "भानुदासराव, अजिबात हलू नका. टाकं उसवत्याल." "खोकला आला तर दाबून धरा." दादाला ते पटलं, कारण खोकलं की दुखत होतं. मलाही पटलं. बोटाला लावलेल्या, रक्तातला ऑक्सिजन दाखवणाऱ्या चिमट्यावर शहाण्णव दिसत होता. आकडा चांगला आहे तर माणसाला कशाला छळायचं, असा माझा हिशेब. नाकात ऑक्सिजनची नळी होती म्हणून आकडा चांगला दिसत होता, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी ती मुलगी आणखी दोनदा आली. दोन्ही वेळा मीच तिला दारातून परत पाठवलं. "आत्ताच डोळा लागलाय, नंतर या."

गुरुवारी अकरा चाळीसला सुनंदाचा फोन.

"आत्या मला बसवा म्हणून हटून बसल्यात. उशी पोटाशी धरून खोकत्यात."

"खोकला झालाय का तिला?"

"न्हाय की. उजव्या बरगडीखाली हात लावून दावत्यात. म्हणत्यात, हितं मिटलंय, उघडा. आणि सारखं एकच – त्याला उठवा."

"कुणाला?"

"नाव घेत न्हाईत."

मी खोलीबाहेर आलो. "तू सांगितलंस ना तिला?"

"तुमच्या गळ्याची शपथ, मी एक अक्षर बोलले न्हाय."

"बरं. उद्या बघू."

आत आलो. दादा उताणा झोपला होता. आकडा त्र्याण्णव. इथे मी काही लपवत नाही – कॉटचं डोकं वर करायचा जो दांडा असतो, त्याला मी हात घातला होता. मग वाटलं, म्हातारीच्या बोलण्यावरून मी याला उठवणार? म्हणजे मीही असलं मानणाऱ्यांतलाच झालो. मी हात काढून घेतला.

संध्याकाळी ताप चढला. आकडा अठ्ठ्याऐंशी. एक्स-रे काढला. उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग बंद पडला होता आणि त्यात न्यूमोनिया झाला होता. शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमारास दादाच्या घशात परत नळी घातली, परत मशीन.

कळसला आई परत तशीच झाली. चमच्याने पाणी घ्यायची, बोलायची नाही. गावातल्या डॉक्टरांनी येऊन बीपी, साखर बघितली, सगळं ठीक म्हणाले, अशक्तपणा असेल म्हणून सलाईन लावून गेले.

शनिवारी चार वाजता मला आयसीयूत सोडलं. स्क्रीनवर श्वासाचा दर वीस होता. मी उभा असतानाच डॉक्टरांनी कागद बघून तो चोवीस केला. मी बाहेर आलो आणि सुनंदाला फोन लावला. चार वाजून सतरा मिनिटं. तिला फक्त एवढंच म्हणालो, आईचा श्वास मोज, पूर्ण मिनिट.

फोनमधून गोठ्यातल्या म्हशीचा आवाज येत होता.

"चोवीस," ती म्हणाली. "मगाशी मी मोजला तवा वीस हुता. अहो, वाढलाय. डॉक्टरला बोलवू का?"

मी जिन्यात बसलो. थोड्या वेळाने डॉक्टरांना गाठून सगळं सांगितलं, वेळांसकट. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दोन दिवस झोप झालेली दिसत नाही तुमची. घरी जाऊन या."

रविवारी दुपारी तीन पन्नासला दादा गेला. मी कुणाला कळवायच्या आत, तीन बावन्नला सुनंदाचाच फोन आला. आत्या उठून बसल्या आहेत. श्वास नेहमीसारखा, म्हाताऱ्या माणसाचा – कमीजास्त, मध्येच लांब.

दादाला गावी न्यायची गाडी यायला वेळ होता म्हणून मी पुढे कळसला गेलो, आईला सांगायला. ती ओसरीवर बसली होती. मी समोर बसलो. तीच म्हणाली,

"तुला सांगितलं हुतं की. का न्हाय उठवलंस?"

मी म्हणालो, "कुणाला, आई?"

तिने माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. त्यानंतर या विषयावर ती माझ्याशी आजवर एक शब्द बोललेली नाही.

शंका मी सगळ्या काढून बघितल्या. दादा दवाखान्यात आहे हे तिने कुणाच्या तरी बोलण्यातून ऐकलं असेल. उशी धरून खोकायचं तिला बाळंतपणापासून माहीत असेल. पण चौदा? आणि वीसचे चोवीस, मी काही न सांगता? डॉक्टरांना मी विचारलं, दर तासाला उठवून बसवलं असतं तर वाचायची शक्यता किती टक्के होती. ते म्हणाले, बिडी होती, पोट उघडलं होतं, तरीही झालं असतं कदाचित. टक्के सांगता येत नाहीत.

आईला हे कसं कळत होतं याचं उत्तर माझ्याकडे नाही. कुणाकडे असेल तर जरूर लिहा, मी तपासून बघेन. फक्त एक गोष्ट आहे. त्याला उठवा, बसवा, खोकू द्या – हेच ती फिजिओथेरपीवाली मुलगीही सांगत होती. का, तेही तिने समजावून सांगितलं होतं, आणि मला ते समजलंही होतं. तिलाही मी दारातूनच परत पाठवलं.