व्हर्जनरावांनी पुसलेली मापं

आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या माणसाला मी व्हर्जनराव म्हणतो. नाव मीच ठेवलं, आणि ते असं चिकटलं की एकदा त्याच्या सख्ख्या मेहुण्यानं माझ्या दुकानात येऊन विचारलं, "व्हर्जनराव घरी आहेत का हो?" नावं ठेवणं हा माझा जोडधंदा. मूळ धंदा कोपऱ्यावरच्या रंगाच्या दुकानाचा. पण रंग ढवळायला हात लागतात, तोंड मोकळंच राहतं.

व्हर्जनराव चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासतो. पुढे मालक गिऱ्हाइकाशी गोड बोलतो, मागे हा फिरत्या चाकावर काच टेकवून बसलेला. हात असा स्थिर की पाण्याचा भरलेला पेला द्या, थेंब सांडायचा नाही. दिवसभर दुसऱ्यांना नीट दिसावं म्हणून घासायचं आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतःच्या कॉम्प्युटरचं नीट चाललेलं बिघडवायचं, असा याचा दिनक्रम.

घरात तीन कॉम्प्युटर. एक कुठल्याशा बंद पडलेल्या कचेरीतून आणलेला, दुसरा सुटे भाग जमवून जोडलेला, तिसऱ्याचं झाकण कायमचं काढलेलं, पोट उघडं टाकून पडलेला. तिन्हींवर सिस्टिम, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारा मूळ प्रोग्राम, वेगळी, आणि तीही महिनाभराच्या वर टिकायची नाही; म्हणून तर व्हर्जनराव. अशा फुकटच्या सिस्टिम शेकड्यांनी मिळतात हे मला त्याच्याकडूनच कळलं. एखादी उतरवून घ्यायची, चार दिवस तिचं कौतुक करायचं, पाचव्या दिवशी तिच्यात खोट काढायची. "हिची अक्षरं जरा पुसट आहेत." "ही उठायला सतरा सेकंद घेते, मागची चौदात उठायची." त्या तीन सेकंदांनी हा काय करणार होता, देव जाणे.

"या घरात टिकून राहिलेली मी एकटीच," त्याची बायको म्हणायची. "बाकी सगळं दर महिन्याला नवीन."

"वहिनी, सांभाळा. एक दिवस तुमचाही नंबर लागेल," मी म्हणायचो.

"लागू दे की. पण आधी माझी प्रत काढून ठेवा म्हणावं. तीच तर यांची रीत आहे."

ती त्याची रीत खरंच होती. कॉम्प्युटरवरचं काहीही पुसण्याआधी सगळं एका बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यायचं. मग त्या डिस्कची वायर उपटून ती दूर टेबलावर ठेवायची. त्यानंतरच नवीन सिस्टिमला हात घालायचा. "आधी प्रत, मग तार, मग हात," असं तो म्हणायचा. मी त्याची नक्कल करून दाखवायचो आणि लोक हसायचे.

आता शिवणबाईंबद्दल. त्या वरच्या मजल्यावर एकट्या राहतात. वय पासष्टीच्या पुढे, क्लास अजून चालू. माझी बायको आणि वहिनी दोघी त्यांच्याच हाताखाली शिकल्या. पण बाईंची खरी ख्याती वेगळीच होती. ज्यांना तयार कपडे बसत नाहीत अशी माणसं लांबून त्यांच्याकडे यायची. कुणाचा एक खांदा खाली, कुणाच्या पाठीला बाक, कुणाचा एक हात आखूड. बाई असा कोट शिवायच्या की खांद्यातला फरक बघणाऱ्याला कळायचाच नाही. प्रत्येकाचं माप आणि कापडाची आकृती वहीत काढलेली, बाजूला बारीक टिपा: 'डावीकडे अर्धा इंच जास्त सोडणे, बसताना ओढतं.' वह्यांची पानं गळायला लागली तेव्हा चार वर्षं खपून त्यांनी दोनशे चाळीस माणसं एकेक करून कॉम्प्युटरवर चढवली आणि वह्या रद्दीत दिल्या. आता नजर थकली होती. पुढच्या महिन्यात त्यांची भाची येऊन क्लास हातात घेणार होती.

"तिला मी दुसरं काय देणार रे?" बाई म्हणायच्या. "शिलाई मशीन तर तिच्यापेक्षा म्हातारं आहे. ही मापं तेवढी आहेत."

ती मापं ठेवलेला कॉम्प्युटर मात्र रडतखडत चालायचा. "बटण दाबते, आंघोळ करून येते, तरी मेलं आपलं गरगर फिरतंच असतं," अशी त्यांची तक्रार. व्हर्जनरावाचे हात शिवशिवले. "बाई, मशीन उत्तम आहे, आतली सिस्टिम जड झालीय. एक हलकी टाकून देतो. रविवारी दुपारी येतो."

रविवारी मीही गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण तमाशा असला की मी बोलावण्याची वाट बघत नाही.

बाई आतल्या खोलीत कुणाचं तरी माप घेत होत्या. व्हर्जनरावानं आधी सगळी मापं बाहेरच्या डिस्कवर उतरवली. पाचसहा पानं उघडून तपासलीसुद्धा. कॉम्प्युटरच्या आतली डिस्क दोन वर्षांपूर्वी त्यानंच बसवलेली, आणि ही बाहेरचीही त्याच कंपनीची, तेवढ्याच आकाराची. "कंपनी एकच ठेवली की डोक्याला ताप नाही," हा आणखी एक हट्ट. मग त्याचा हात वायर उपटायला गेला.

तेव्हा मी बोललो. आज ते शब्द लिहितानाही कानशिलं तापतात.

"अरे, कॉम्प्युटर आहे की बॉम्ब? किती ते घाबरणं! काचा घासतानाही असाच थरथरतोस का रे?"

आतून बाईंच्या हसण्याचा आवाज आला. माप द्यायला आलेली बाईही हसली. व्हर्जनराव ओशाळला. "बरं, राहू दे," म्हणाला आणि वायर तशीच ठेवली.

सिस्टिम कुठल्या डिस्कवर बसवायची, असा प्रश्न पडद्यावर आला. खाली दोन ओळी, कंपनी तीच, आकार तोच. मी त्याच वेळी त्याच्या मालकाची नक्कल करत होतो, गिऱ्हाइकाला दुसऱ्याचाच चष्मा घालून 'काय रुबाब दिसतोय!' म्हणणारा मालक. व्हर्जनराव हसता हसता बोट दाबून मोकळा झाला. पट्टी सरकत सरकत भरली. त्यानं कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला, तर पडद्यावर पुन्हा ते जुनंच चित्र आणि ती जुनीच गरगर.

मी टाळ्या वाजवल्या. "वा वा! नवीन सिस्टिम अगदी जुनीसारखीच दिसते की रे! बाई, बघा, काही बदललं म्हणून कळणारही नाही!"

तिथं तो एक मिनिट थांबला असता तर सगळं वाचलं असतं. पण मी हसत होतो, दारात बाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "बसली नाही वाटतं," तो पुटपुटला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. या खेपेला त्यानं दुसरी ओळ निवडली.

आता ती बसली. बटण दाबताच कॉम्प्युटर टुणकन उठला. बाई लहान मुलीसारख्या हरखल्या. व्हर्जनरावानं मापं परत चढवायला बाहेरची डिस्क उघडली आणि त्याचा हात, तो पेला न सांडणारा हात, माऊसवर तसाच राहिला. त्या डिस्कवरही नवीन सिस्टिम होती. पहिल्यांदाही ती नीट बसली होती, फक्त चुकीच्या डिस्कवर. पहिल्या खेपेला प्रत पुसली आणि दुसऱ्या खेपेला मूळ.

"माझी मापं कुठायत रे?" बाईंनी विचारलं.

व्हर्जनराव म्हणाला, "बाई, तुमची आतली डिस्क... मुळातच गेलेली होती. प्रत घेता घेताच बंद पडली." आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं.

माझ्या जिभेला हाड नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी तिला लाजही नव्हती. मी म्हणालो, "हो बाई, मी होतो ना इथेच. आवाजच आला एकदम. कर्रर्र." आवाज काढून दाखवला.

बाई खुर्चीवर बसल्या.  मग म्हणाल्या, "चहा घ्याल ना?"

व्हर्जनराव दोन्ही डिस्क घरी घेऊन गेला. चार दिवस कामावर गेला नाही. पुसलेलं परत काढणारे प्रोग्राम एकामागून एक लावत राहिला. हाती लागलं ते असं: नऊ पानं, त्यातली सात अर्धी. एका पानावर फक्त बाही होती, ती कुणाची ते सांगणारं वरचं नावच गेलेलं. वहिनींनी मला जिन्यात गाठलं. "भावजी, हे जेवत नाहीत. डिस्क खराब झाली तर यांचा काय दोष?" मी पायऱ्या मोजत खाली उतरलो.

पण खरं मेल्याहून मेल्यासारखं झालं ते पुढच्या आठवड्यात. बाई माझ्या दुकानात आल्या. दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यासमोर मला म्हणाल्या, "अरे, माझंच चुकलं बघ. मी मेली रोज कॉम्प्युटर नीट बंद न करता भिंतीवरचं बटणच बंद करायचे. वर्षानुवर्षं. त्यानंच डिस्क गेली असणार. सगळ्यांना सांग हो, असं करू नका." आणि माझ्याकडे सांगून ठेवलं म्हणजे गावभर होणार, अशा विश्वासानं निघून गेल्या. हातात पिशवी होती.

पिशवीत काय होतं ते संध्याकाळी कळलं. व्हर्जनरावाच्या तिन्ही कॉम्प्युटरसाठी जाड निळ्या कापडाच्या खोळी. माप न घेता, एकदा दारातून पाहिलं होतं तेवढ्यावर शिवलेल्या. उघड्या पोटाच्या कॉम्प्युटरसाठी वेगळी, एका बाजूला कापड जास्त सोडलेली. "तुला माझ्यापायी फार त्रास झाला," म्हणून दिलेल्या.

मी त्याच्याकडे गेलो तेव्हा खोळी टेबलावर घडी घातलेल्या होत्या. तो स्टुलावर बसला होता.

"घाल की," मी म्हणालो. 

"चल," तो म्हणाला.

"कुठे?"

"वर."

"अरे, आता सांगून काय मिळणार? गेलं ते गेलं. उलट म्हातारीला आणखी..."

"तू नको येऊस मग." तो उठला. मी पाठोपाठ गेलो. कसा गेलो ते मलाच माहीत. 

त्यानं उभ्यानंच सांगितलं. दोन ओळी, सारख्या दिसणाऱ्या. पहिल्यांदा ही, मग ती. वायर उपटायची राहिली. माझं नाव त्यानं घेतलं नाही. घेतलं असतं तर बरं झालं असतं. मग मीच म्हणालो, "बाई, तो उपटत होता. मी चेष्टा केली. आणि तो आवाज... आवाज आला नव्हता."

बाईंनी चष्मा काढला, त्यानंच घासून दिलेला, आणि पदरानं पुसत राहिल्या.

"चुकलं बाई," व्हर्जनराव म्हणाला.

"चुकतं," त्या म्हणाल्या. "मीही चुकीचं कापड कापलंय. पण डिस्क मेली म्हणालास ना, ते चुकून नव्हतं. आठ दिवस मी त्या भिंतीवरच्या बटणाकडे बघतेय."

आम्ही दोघं शिक्षा झालेल्या पोरांसारखे उभे होतो. चाळिशी उलटलेले दोन बाप्ये. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आजतागायत म्हणालेल्या नाहीत. त्यांनी खण उघडून टेप काढली आणि व्हर्जनरावाच्या हातात दिली. "मी शिवलेले कपडे लोकांच्या घरी आहेत. ते आणायचे. उलटे करून, शिवणीवरून मोजायचे. आकृती मी सांगेन, तू चढव." मग माझ्याकडे वळल्या. "कपडे तू आणशील. आणि कशासाठी हवेत ते प्रत्येक दारात खरं सांगशील. बटणाची गोष्ट दुकानात बरीच सांगितली असशील, तीही मागे घेशील."

हे किती अवघड असेल ते मला पहिल्याच दारात कळलं. पाठीला बाक असलेल्या एका शिक्षकांना मी पूर्वी 'स्वल्पविराम' म्हणायचो. त्यांच्या मागे म्हणायचो असं मला वाटत होतं. ते कोट आणायला आत गेले तेव्हा त्यांची मुलगी दारातच उभी राहिली. "बाबांना माहीत आहे तुम्ही काय म्हणता ते," ती शांतपणे म्हणाली. "आम्हा सगळ्यांना माहीत आहे." शिक्षकांनी कोट आणून दिला, ब्रशनं झाडून. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उजव्या खिशाचं अस्तर सुटलंय, बाईंना दाखवा जमलं तर."  जिना उतरताना तो कोट मला ओल्या पोत्यासारखा जड लागत होता.

अशी दारं करत गेलो. काही घरांत हसले, एका घरी दार लावून घेतलं. एका बाईनं विचारलं, "म्हणजे माझ्या खांद्याचं माप आता तुम्हा पुरुषांच्या हातात जाणार?" मी निघालोच होतो, तेवढ्यात तिनं कपडा बाहेर आणला. पण तो घेऊन ती स्वतः वर गेली आणि बाईंच्या शेजारी बसून राहिली.

व्हर्जनराव रोज कामावरून थेट वर जातो. कपडा उलटा करतो, टेप लावतो, आकडा सांगतो. बाई म्हणतात, "पुन्हा." तो पुन्हा मोजतो. त्याच्या घरचे तिन्ही कॉम्प्युटर दीड महिना एकाच सिस्टिमवर आहेत. वहिनींना काळजी वाटायला लागली आहे. रोजचं काम झालं की तो त्याच्या दोन प्रती काढतो, एक बाईंच्या कपाटात ठेवतो, दुसरी माझ्या दुकानात. रंगाच्या डब्यांमागे ती डिस्क बघितली की माझं तोंड आपोआप मिटतं.

जी माणसं गेली, त्यांचे कपडेही गेले. त्यांची मापं बाई डोळे मिटून सांगतात. काही आठवतात, काही नाही. 

भाची मागच्या सोमवारी आली. सामान खाली ठेवून आत बघितलं तर एक माणूस कोटाची बाही मोजतोय, दुसरा कपड्यांचं गाठोडं सोडतोय.

"मावशी, हे कोण?"

मला वाटलं बाई काहीतरी सावरून घेतील. चार लोकांत माणूस घेतोच.

"यांनीच घालवली मापं," बाई म्हणाल्या. "एकशे तीन झालीत. बस, तुला पहिलं दाखवते."

भाचीनं आमच्याकडे एकदा पाहिलं, आणि खुर्ची ओढून पडद्यासमोर बसली. व्हर्जनरावानं टेप पुन्हा शिवणीवर धरली आणि आकडा सांगितला. मी गाठोड्यातून पुढचा कपडा काढला, उलटा केला आणि त्याच्याकडे सरकवला.