जन्माआधीचं झबलं

हौसाच्या हातचा ब्लाउज अंगाला बसला नाही, असं रत्नागिरीत कधी झालं नाही. ही कला तिला सासूने, सोनूबाईने, हातावर चापट्या मारून शिकवली. चुकलेली शिवण सोनूबाई स्वतः उसवायची आणि उसवलेला दोरा बोटाला गुंडाळून डब्यात ठेवायची. तिचा एकच दंडक होता: पोटातल्या पोरासाठी सुई धरायची नाही. पहिलं झबलं जुन्या लुगड्याचं, तेही पोर जगात आल्यावर.

सोनूबाई शिमग्याआधी गेली. श्रावणात लेक गंगा बाळंतपणाला आली. तिची आधीची दोन पोटातच गेली होती, म्हणून हौसाचा जीव टांगणीला लागलेला. तरी मेलं मन आवरेना. आता बघतंय कोण, असं म्हणत तिने गुपचूप पिवळं झबलं शिवलं आणि मशीनच्या खणात दडवलं.

दुसऱ्याच दुपारी मशीन आपोआप सुरू झाली. पेडलवर पाय नाही, सुईखाली कापड नाही, आणि चाक गरागरा फिरतंय! गंगा पोट धरून दारात उभी राहिली. "आये, पॉर हालायचा थांबला गो."

हौसाने तिला आत निजवलं, शेजारच्या धोंडूला रिक्षा आणायला पिटाळलं आणि प्लग ओढून खिळ्याला टांगला. नुसतं बसवेना, म्हणून तिने मोटरच उघडली. मुंबईत पंखे दुरुस्त करणाऱ्या नवऱ्याने तिला एवढं शिकवलं होतं. आतले कार्बन ब्रश ठीक होते. पेडलमधला कंडेन्सर मात्र फुगला होता; तो बिघडला की पाय न लावता मोटर फिरते. म्हणजे भूतबीत काही नाही! तिने तो कात्रीने तोडून टाकला. त्याच्यावाचून मोटर चालते, फक्त जवळच्या रेडिओत खरखर येते.

ती गंगाजवळ जाऊन बसली. उशाशी रेडिओवर भजन लागलं होतं. एकाएकी त्यात खरखर सुरू झाली.

हौसा धावत बाहेर आली. प्लग खिळ्यालाच होता आणि चाक फिरत होतं. खणातलं झबलं सुईखाली आलेलं, त्याचा एक खांदा उसवलेला, आणि पिवळा दोरा बोटाला गुंडाळावा तसा वेटोळं करून बाजूला ठेवलेला.

हौसाने सासूची गुंडाळी ओळखली. तिने हात जोडले. "आत्याबाय, चुकला माजा. ऱ्हायलेला मी उसवतंय. तुमी गंगाकडं जावा."

ती स्टुलावर बसली. स्टूल ऊबदार होतं. रडत रडत तिने शेवटचा टाका उसवला, तसं चाक थांबलं. रेडिओ स्वच्छ वाजू लागला.

"आये, हालला गो!" आतून गंगा ओरडली. मग जरा थांबून म्हणाली, "पन माज्या पोटावर हात कोनी ठेवलान?"